झिजलेला क्लच बदलताना हलक्या फ्लायव्हीलचा विचार

क्लच खरोखर संपला आहे की केवळ त्याची केबल चुकीच्या मापावर बसली आहे, हे नक्की केल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावू नये. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील ही जड चकती फिरत असते आणि प्रेशर प्लेट क्लच प्लेटला तिच्यावर दाबून धरते; पेडल दाबले की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची, म्हणजे चकतीसारख्या स्प्रिंगची, बोटे ढकलून तो दाब सोडवते. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची बोटे रिलीज बेअरिंगकडे सरकत येतात आणि पेडलची मोकळी चाल कमी होत जाते. ती शून्यावर आली की बेअरिंग त्या बोटांना कायम टेकून राहते आणि प्लेटवरचा दाब अर्धवट सुटलेला राहतो. अशा गाडीचा क्लच स्लिप होतो, पण दोष प्लेटचा असतोच असे नाही. म्हणून प्रथम मोकळी चाल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापावर आणावी आणि मगच चाचणी घ्यावी. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचमध्ये हे अंतर बहुधा आपोआप जुळत राहते. तिथे पेडल मऊ लागत असेल, तर तेल गळते आहे का आणि तेलात हवा शिरली आहे का, हे आधी पाहावे.

चाचणी सोपी आहे. पहाटेच्या वेळी नवी मुंबईच्या पाम बीच रोडसारख्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरवर आणावी आणि वेगमर्यादेच्या आत राहून एक्सलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागे रेंगाळत राहिला, तर प्लेट पकड सोडते आहे. ठाण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना गायमुखचा चढ हेच उत्तर देतो, आणि तिथे काचा उघड्या असल्या तर जळक्या कागदासारखा उग्र वासही येतो. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडण्याची जुनी पद्धत मी फारशी वापरत नाही, कारण प्लेटचे उरलेसुरले अस्तर तपासणीतच जाळण्यात अर्थ नाही.

आवाजाची लक्षणे वेगळी वाचावी लागतात. पेडल दाबल्यावर सुरू होणारी घरघर बहुधा रिलीज बेअरिंगची असते. न्यूट्रलमध्ये, पेडल मोकळे असताना ऐकू येणारी आणि पेडल दाबताच थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. रिव्हर्स टाकताना करकर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. गाडी उचलताना थरथरत असेल, तर क्लचला दोष देण्यापूर्वी इंजिनची माउंटिंग तपासावीत, कारण फाटलेले माउंटिंग नेमके हेच सोंग घेते. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत गाडी महिनाभर जागेवर उभी राहिली, तर प्लेट गंजाने फ्लायव्हीललाच चिकटू शकते, आणि तेव्हा पेडल कितीही दाबले तरी गिअर पडत नाही. तो झिजलेला क्लच नव्हे.

आपल्याकडे क्लच लवकर का जातो, हे सांगायला तज्ज्ञ नको. ठाण्यात माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रोच्या खांबांच्या कडेने, दोन ट्रेलरच्या मध्ये, हाफ क्लचवर इंच इंच सरकणारी गाडी किलोमीटर मोजत नाही, पण प्लेट मोजते. क्लच घसरत असतो तेवढा वेळ इंजिनचे काम उष्णतेत जाते, आणि ती उष्णता प्लेटच्या अस्तरात, प्रेशर प्लेटमध्ये आणि फ्लायव्हीलच्या पृष्ठभागात साठते. फ्लायव्हीलचा विचार इथूनच सुरू करायला हवा, आणि तो गाडी उघडण्यापूर्वी करायला हवा, कारण एकदा गिअरबॉक्स खाली आला की लेथवाला, दुकानदार आणि मदतीला आलेला मित्र असे तिघेही आपापला सल्ला देऊ लागतात.

फ्लायव्हील हलके करण्यामागचा हिशोब असा आहे. फ्लायव्हील किती जड आहे यापेक्षा त्याचे वजन केंद्रापासून किती दूर आहे, याला अधिक महत्त्व असते, कारण फिरण्याचे जडत्व अंतराच्या वर्गाने वाढते. समजा, केंद्रापासून सरासरी १२ सेंटिमीटर अंतरावरचे दीड किलो धातू कमी केले. जडत्व ०.०२१६ किलोग्रॅम-चौरस मीटरने घटले. आता पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५, डिफरन्शियलचे ४.४ आणि चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली, तर एकूण गुणोत्तर १५.४ येते, त्याला ०.२८ ने भागले की ५५, त्याचा वर्ग ३,०२५, आणि त्याला ०.०२१६ ने गुणले की सुमारे ६५. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडीतून ६५ किलोचा एक माणूस उतरल्यासारखा फरक पडतो. हेच गणित पाचव्या गिअरसाठी, ०.८ गुणोत्तर धरून केले, तर उत्तर साडेतीन किलोच्या जरा आत येते. म्हणजे पाण्याच्या साडेतीन बाटल्या. इंजिनची ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही आणि एकसारख्या वेगाने जाताना इंधनही वाचत नाही. बदलते ते एवढेच की खालच्या गिअरमध्ये इंजिन लवकर चढते आणि एक्सलरेटर सोडताच लवकर उतरते.

हा फरक खोटा नाही, आणि खालचा गिअर टाकताना एक्सलरेटरला हलका टोला देऊन आरपीएम जुळवणाऱ्या चालकाला तो पहिल्याच वळणावर जाणवतो. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्याने हा खर्च जरूर करावा. पण जे काढून टाकले ते निरुपयोगी नव्हते. जात्याची वरची तळी जड असते म्हणूनच खुंट्याला दिलेला एक ओढा पुढच्या ओढ्यापर्यंत पुरतो. फ्लायव्हीलही एका सिलिंडरच्या स्फोटापासून दुसऱ्याच्या स्फोटापर्यंत इंजिन फिरते ठेवते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तर तीन सिलिंडरच्या इंजिनात तो दर २४० अंशांना होतो. म्हणून आपल्या पार्किंगमध्ये दिसणाऱ्या तीन सिलिंडरच्या लहान गाड्यांना जड फ्लायव्हीलची गरज उलट अधिक असते. ते हलके केले की आयडलिंग थरथरते, एसी चालू होताच इंजिन दबते, आणि गाडी जागेवरून उचलताना बंद पडू नये म्हणून चालक नकळत आरपीएम वाढवून क्लच अधिक वेळ घसरवतो. तीन हात नाक्याच्या सिग्नलला हे दिवसातून वीस वेळा केले, तर ज्या रोगासाठी गिअरबॉक्स उतरवला तोच रोग आपण नव्याने विकत घेतलेला असतो. शिवाय कमी धातू लवकर तापतो. पुन्हा, आजच्या गाड्यांचा संगणक क्रँकच्या वेगातील बारीक चढउतारांवरून मिसफायर (सिलिंडरमधला हुकलेला स्फोट) ओळखतो. फ्लायव्हील हलके झाले की ते चढउतार वाढतात आणि इंजिनचा दिवा विनाकारण लागू शकतो.

अनेक डिझेल गाड्यांत दोन भागांचे, आत स्प्रिंग असलेले ड्युअल मास फ्लायव्हील असते. ते महाग असल्यामुळे त्याऐवजी एकसंध फ्लायव्हील बसवण्याचा सल्ला मिळतो. तसे करता येते; मात्र मूळच्या प्लेटमध्ये बहुधा स्प्रिंग नसतात, कारण धक्के गिळण्याचे काम फ्लायव्हील करत असते, आणि म्हणून स्प्रिंगवाल्या प्लेटसह त्या गाडीसाठीच बनवलेला पूर्ण संचच घ्यावा लागतो. एवढे करूनही न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खडखडाट वाढण्याची तयारी ठेवावी.

आणि एक गोष्ट कधीही करू नये: मूळ बिडाचे फ्लायव्हील लेथवर कोरून हलके करू नये. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने मला फार आपुलकीने सांगितले होते, "साहेब, मागच्या बाजूने घेतो, वजन निम्मं होईल आणि कुणाला कळणारही नाही." ६,००० आरपीएमला १३ सेंटिमीटर त्रिज्येवरचा कडेचा बिंदू सेकंदाला सुमारे ८२ मीटर, म्हणजे ताशी २९० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असतो. बीड दाब सहन करते, ताण तितका सहन करत नाही. त्यात उष्णतेच्या बारीक चिरा आधीच असल्या, तर बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे गिअरबॉक्सचे कवच) फोडून बाहेर येणारा तुकडा चालकाच्या पायांच्या पातळीवरच असतो. हलके फ्लायव्हील हवेच असेल, तर ते घडवलेल्या पोलादाचे, त्या इंजिनासाठीच तयार केलेले, संतुलित करून दिलेले आणि शक्यतो एसएफआय १.१ या, शर्यतीच्या गाड्यांच्या भागांसाठीच्या सुरक्षा मानकाचे असावे. वॉरंटी आणि विमा चालू असेल, तर असा बदल करण्यापूर्वी दोन्हीकडे लेखी विचारून घ्यावे.

माझा निर्णय त्यामुळे सोपा झाला. मूळ फ्लायव्हील ठेवायचे, त्याचा पृष्ठभाग तपासून गरज असेल तर फेसिंग (लेथवर पृष्ठभाग सपाट करणे) करून घ्यायचे, आणि वाचलेला पैसा पूर्ण क्लच संचात घालायचा. पूर्ण संच म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. केवळ प्लेट बदलून भागवणे ही काटकसर नव्हे, कारण या कामात खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. त्याच वेळी क्रँकचे मागचे ऑइल सील, ड्राइव्ह शाफ्टची सील्स, एक्सलचे नवे नट आणि नवे गिअर ऑइल आणून ठेवावे. हायड्रॉलिक क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने रिलीज बेअरिंग ढकलणारा) बेलहाउसिंगच्या आत असेल, तर तोही बदलावा. दुकानातून निघण्यापूर्वी नव्या प्लेटचा व्यास आणि मधल्या खाचांची संख्या पार्ट नंबरशी ताडून घ्यावी, आणि गाडी उघडल्यावर जुन्या प्लेटशी पुन्हा एकदा मोजावी.

हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करण्यासारखे नाही. लहान गाडीचा गिअरबॉक्सही तीस किलोच्या वर भरतो आणि तो डोक्यावरून खाली घ्यायचा असतो. मी रबाळे एमआयडीसीत एका मित्राच्या शेडमध्ये, खड्ड्यावर गाडी घेऊन हे काम केले. अनुभवी मेकॅनिक ते एका दिवसात उरकतो, आम्हा दोघांना दोन दिवस लागले. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. उचललेल्या भागाखाली भक्कम स्टँड लावावेत, आणि जी चाके जमिनीवर असतील त्यांना लाकडी पाचर द्यावी.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्रम साधारण असा राहतो. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सर्वांत आधी काढावे, कारण सेल्फची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते. मग एअर फिल्टरचा डबा, बॅटरी आणि तिचा ट्रे काढून गिअरबॉक्सच्या वरची जागा मोकळी करावी. गिअरच्या केबल, क्लचची केबल किंवा स्लेव्ह सिलिंडर, रिव्हर्स लाइटचा स्विच, अर्थची पट्टी आणि सेल्फ काढावा. प्रत्येक जोडणीचा फोटो घ्यावा. मी दोन वायरींचे फोटो घेतले नाहीत आणि त्या जोडताना अर्धा तास घालवला. एक्सलचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. गिअर ऑइल काढण्यापूर्वी ते भरायचा बोल्ट सुटतो आहे ना, हे पाहावे. त्यानंतर लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून ड्राइव्ह शाफ्ट बाहेर घ्यावेत. एबीएसच्या सेन्सरची वायर ताणली जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

इंजिनला वरून आडव्या बारचा आधार देणे सर्वांत चांगले. तो नसेल, तर ऑइल संपखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) जाड लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक लावावा. फळीशिवाय जॅक लावला तर संप चेपतो. गिअरबॉक्सला त्याच्या स्वतःच्या जॅकवर पेलून मगच माउंटिंग आणि बेलहाउसिंगचे बोल्ट काढावेत. बोल्टांची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर बेलहाउसिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवावा. शेवटचा बोल्ट निघाल्यावर गिअरबॉक्स इंजिनपासून सरळ रेषेत दूर ओढावा. इनपुट शाफ्ट प्लेटच्या मधून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचा भार शाफ्टवर लटकू देऊ नये.

आता समोर जे दिसते, त्यापुढे थोडा वेळ थांबावे. जुनी धूळ हवेने उडवू नये आणि कोरड्या ब्रशने झाडूही नये. अनोळखी बनावटीच्या प्लेटच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो असे धरूनच, मास्क लावून, ब्रेक क्लीनर आणि ओल्या कपड्याने ती पुसून घ्यावी. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा फेरा असे सैल करावेत. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली मोजावी. अनेक मॅन्युअलांत तिची मर्यादा ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. माझ्या प्लेटमध्ये एका बाजूचे रिव्हेट उघडे पडून चकाकत होते आणि फ्लायव्हीलवर त्यांनी ओढलेली वर्तुळे नखाला लागत होती. प्लेट तेलकट असेल, तर प्लेट बदलणे हा उपाय नव्हे. क्रँकच्या सीलमधून इंजिन ऑइल येते आहे की इनपुट शाफ्टच्या सीलमधून गिअर ऑइल, हे वासावरून आणि ओघळ कुठून निघाला आहे ते पाहून आधी ठरवावे.

फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील, तर ते तापल्याची खूण आहे. बारीक, उथळ रेषा पॉलिश पेपरने जातात. नखाला लागणारे चर किंवा चिरा दिसल्या, तर फ्लायव्हील उतरवावे. चर असतील तर फेसिंग करता येते, खोल चिरा असतील तर ते टाकून द्यावे. डायल गेजवर डगमग पाहावी, साधारणपणे ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच ती चालते. फेसिंगला देताना लेथवाल्याला एक गोष्ट कागदावर लिहून द्यावी: फ्लायव्हील पायरीचे असेल, तर प्लेट टेकते तो भाग आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात तो भाग, दोन्ही सारखेच घ्यायचे. एकच भाग घेतला तर पायरीची उंची बदलते आणि तिच्याबरोबर प्लेटवरचा दाबही बदलतो. ड्युअल मास फ्लायव्हील फेसिंगला देऊ नये. त्याची ढिलाई मॅन्युअलच्या मापाबाहेर गेली असेल तर ते बदलावे. फ्लायव्हीलचे बोल्ट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, म्हणून नवे आणावेत आणि त्यांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

जोडणी स्वच्छ हातांनी करावी. नवी प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसावा, कारण गंज लागू नये म्हणून नव्या भागावर तेलाचा पातळ थर असतो. प्लेट कोणत्या बाजूने बसते, हे तिच्यावरच छापलेले असते. बहुतेक गाड्यांत स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. ती सेंटरिंग टूलवर (प्लेट मध्यावर धरणाऱ्या दांड्यावर) चढवून प्रेशर प्लेट तिच्या पिनांवर बसवावी आणि बोल्ट पुन्हा समोरासमोर, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने आवळावेत. एका बाजूने आवळत गेल्यास कव्हर वाकते. या बोल्टांचा टॉर्क लहान गाड्यांत साधारण १९ ते २५ न्यूटन-मीटर असतो, आणि तो मनगटाच्या अंदाजाने नव्हे तर टॉर्क पान्याने द्यावा. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा केवळ पुसट हात द्यावा, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते. रिलीज बेअरिंग फोर्कच्या क्लिपांमध्ये नीट अडकले आहे, हे बोटाने हलवून पाहावे.

गिअरबॉक्स वर चढवताना मी केलेली चूक सांगतो. इंजिन आणि बेलहाउसिंग यांच्यामध्ये दोन पोकळ डॉवेल (जुळवणीच्या पिना) असतात; ते बोटाच्या पेराएवढे, गंजाने काळवंडलेले असतात आणि कोणालाही महत्त्वाचे वाटत नाहीत. आमचा एक डॉवेल गिअरबॉक्सबरोबर निघाला आणि पुसताना कपड्यात राहिला. गिअरबॉक्स बसला, बोल्टही आवळले गेले, आणि नवा क्लच पहिल्याच चढावर थरथरू लागला. शेड झाडताना तो डॉवेल सापडला तेव्हा सगळा उलगडा झाला: बोल्ट गिअरबॉक्सला धरून ठेवतात, पण क्रँकच्या रेषेत आणतात ते डॉवेल. दुसऱ्या दिवशी तेच सगळे काम पुन्हा केले. तेव्हा गिअरबॉक्स वर उचलण्यापूर्वी दोन्ही डॉवेल जागेवर आहेत, हे हात लावून पाहावे. आणि गिअरबॉक्स शेवटचे काही मिलिमीटर बसत नसेल, तर बोल्टांनी ओढून आणू नये. क्रँकच्या पुलीचा बोल्ट जरासा फिरवून खाचा जुळवाव्यात.

बाकीची जोडणी उलट क्रमाने होते. गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचे आणि मापाचे भरावे. केबलची मोकळी चाल नव्याने जुळवावी. क्लच हायड्रॉलिक असेल आणि त्याची लाइन उघडली असेल, तर ब्लीडिंग करावे, म्हणजे तेलात शिरलेली हवा काढावी. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची तेलाची टाकी एकच असते, म्हणून पातळी खाली जाऊ देऊ नये, आणि ते तेल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. चाके जमिनीवर टेकवण्यापूर्वी इंजिन सुरू करून, क्लच दाबून सर्व गिअर आणि रिव्हर्स पडतो का ते पाहावे. चाके जमिनीवर आल्यावर एक्सलचे नवे नट पूर्ण टॉर्कवर आवळावेत आणि त्यांची कड ठोकून बंद करावी.

पहिले पाचशे किलोमीटर शांतपणे, शहरातल्या वेगाने चालवावेत. वारंवार गिअर बदलणे चांगले, कारण अस्तर तसेच पृष्ठभागाशी जुळत जाते. चढावर गाडी क्लचवर धरून ठेवू नये, त्यासाठी हँडब्रेक आहे. पहिल्या दोनतीन दिवसांत थोडा वास आला तर घाबरू नये. पहिला आठवडाभर रात्री गाडीखाली, बेलहाउसिंगच्या बरोबर खाली, एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी त्यावर थेंब दिसला, तर तो इंजिन ऑइलचा आहे की गिअर ऑइलचा, हे हुंगून पाहावे. पाचशे किलोमीटर झाल्यावर केबलची मोकळी चाल पुन्हा मोजावी आणि ती बदलली असेल तर जुळवून घ्यावी.